जैवइंधन: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

पेट्रोल पंपावर ‘ई-२०’ची, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलची, पाटी लागल्यापासून जैवइंधनावर घराघरांत वाद झडू लागले आहेत. कुणाला त्यात शेतकऱ्याचा उद्धार दिसतो, कुणाला गाडीच्या इंजिनाचा घात. दोन्ही बाजू एकच चूक करतात. जैवइंधन हा एकच पदार्थ आहे, असे त्या धरून चालतात. प्रत्यक्षात गोठ्यामागचा गोबरगॅस, साखर कारखान्याच्या बगॅसवरची (उसाच्या चोथ्यावरची) वीज, मळीपासूनचे इथेनॉल, मक्यापासूनचे इथेनॉल, कापसाच्या पऱ्हाटीच्या ब्रिकेट आणि चुलीतले सरपण ही सगळी जैवऊर्जाच आहे. यातल्या प्रत्येकाचा जमाखर्च वेगळा आहे. तो वेगवेगळा मांडला नाही, तर स्तुतीही फसवी ठरते आणि टीकाही.

गैरसमज १: जैवइंधन म्हणजे प्रदूषणमुक्त इंधन.

वस्तुस्थिती: ‘नवीकरणीय’ आणि ‘स्वच्छ’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वनस्पती वाढताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि जळताना तो परत सोडते. कोळशाचे तसे नाही. कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कार्बन तो नव्याने हवेत आणतो. हा फरक खरा आहे आणि मोठाही आहे. पण पिकाला घातलेला युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो, ट्रॅक्टर डिझेलवर चालतो, उसाची वाहतूकही डिझेलवर होते. हा सगळा खर्च इंधनाच्या खात्यावर मांडायलाच हवा. इंडोनेशियात पाम तेलाच्या लागवडीसाठी वर्षावने तोडली गेली, दलदलीच्या जमिनी कोरड्या केल्या गेल्या. अशा जमिनीत साठलेला कार्बन एकदा मोकळा झाला की त्या तेलाच्या डिझेलने तो भरून यायला अनेक दशके लागतात.

धुराचा प्रश्न तर घरातलाच आहे. सरपण आणि गोवऱ्या नवीकरणीय आहेत. तरीही साध्या चुलीत लाकडातल्या उष्णतेचा थोडाच भाग भांड्यापर्यंत पोचतो आणि अर्धवट जळालेल्या लाकडाचे सूक्ष्म कण स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या फुप्फुसांत जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती धुरामुळे जगभरात दरवर्षी सुमारे ३० लाख माणसे अकाली दगावतात. इंधन कुठून आले याइतकेच ते कसे जाळले, हेही महत्त्वाचे आहे.

गैरसमज २: इथेनॉल बनवायला मिळते त्यापेक्षा जास्त ऊर्जा लागते.

वस्तुस्थिती: हे कच्च्या मालावर अवलंबून आहे, आणि उसाच्या बाबतीत ते खरे नाही. एक टन ऊस गाळला की साधारण शंभर ते एकशे दहा किलो साखर, चाळीस-पंचेचाळीस किलो मळी आणि पावणेतीनशे ते तीनशे किलो ओला बगॅस निघतो. हा बगॅस थेट बॉयलरमध्ये जातो. त्याच्या वाफेवर आधी टर्बाइन फिरते आणि त्यातून बाहेर पडणारी वाफ रस आटवायला आणि अल्कोहोलच्या ऊर्ध्वपातनाला वापरली जाते. म्हणजे कारखान्याचे इंधन उसाबरोबरच दारात येते. कारखान्याची गरज भागून उरलेली वीज महावितरणला विकली जाते. महाराष्ट्रात अशा सहवीज प्रकल्पांची क्षमता दोन हजार मेगावॅटहून जास्त आहे.

ब्राझीलमध्ये १९७५ मध्ये उसाच्या इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तिथल्या अभ्यासांत खर्च केलेल्या एक एकक जीवाश्म ऊर्जेमागे सुमारे आठ एकक ऊर्जा मिळाल्याचे आढळले आहे. मक्याला बगॅस नसतो. त्याच्या आसवनीला वाफेसाठी बाहेरचे इंधन आणावे लागते आणि ते कोळसा असेल, तर फायदा घटतो. म्हणून ‘इथेनॉल फायद्याचे की तोट्याचे’ असे मोघम विचारून भागत नाही. ते कशापासून केले आणि बॉयलरमध्ये काय जाळले, हेही विचारावे लागते.

गैरसमज ३: ई-२०मुळे मायलेज निम्मे होते. किंवा, काहीच फरक पडत नाही.

वस्तुस्थिती: दोन्ही चूक. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. त्याचा वाटा वीस टक्के असला की मिश्रणाची ऊर्जा साडेसहा-सात टक्क्यांनी घटते. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानेही जुन्या रचनेच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के आणि ई-२०साठी जुळवून घेतलेल्या चारचाकींसाठी १ ते २ टक्के घट सांगितली आहे. लिटरला २० किलोमीटर देणारी जुनी गाडी पावणेएकोणीसच्या आसपास येईल, दहावर येणार नाही. पण ही घट ग्राहकाच्या खिशातून जाते. ती मान्य करून किमतीत तिचा विचार करणे हाच सरळ व्यवहार आहे.

इथेनॉलची एक जमेची बाजूही आहे. त्याचा ऑक्टेन क्रमांक पेट्रोलपेक्षा बराच वर, १०८च्या आसपास असतो. त्यामुळे जास्त दाबावर चालणारे इंजिन बनवता येते आणि ऊर्जेची तूट काही प्रमाणात भरून निघते. जुन्या गाड्यांमधल्या रबरी नळ्या आणि सील यांची काळजी मात्र रास्त आहे. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते. पावसाळाभर उभ्या ठेवलेल्या जुन्या गाडीची म्हणूनच जास्त काळजी घ्यावी. आपली गाडी कोणत्या मिश्रणासाठी आहे, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे.

गैरसमज ४: इथेनॉल टाकाऊ मळीपासून होते, त्यामुळे अन्न आणि पाण्यावर ताण येत नाही.

वस्तुस्थिती: सगळी साखर काढून झाल्यावर उरणाऱ्या ‘सी हेवी’ मळीपुरते हे बरेचसे खरे आहे. पण त्या मळीतून टनभर उसामागे दहा लिटरच्या आसपासच इथेनॉल मिळते. थेट रस वापरला तर सुमारे सत्तर लिटर मिळते, मात्र मग साखर होत नाही. ‘बी हेवी’ मळी या दोहोंच्या मधली. ऊस कमी झाला की ही ओढाताण उघडी पडते. डिसेंबर २०२३ मध्ये साखरेच्या टंचाईच्या धास्तीने केंद्राने रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले आणि त्यासाठी कर्ज काढून आसवन्या उभारलेले कारखाने अडचणीत आले. हे निर्बंध २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी उठले.

दरम्यान देशाचे इथेनॉल धान्याकडे वळले. २०२३-२४ च्या पुरवठा वर्षात निम्म्याहून अधिक इथेनॉल धान्यापासून आले आणि त्यात मक्याचा वाटा सर्वांत मोठा होता. मका हे कोंबड्यांचे मुख्य खाद्य. त्याचे भाव चढले की मका उत्पादकाला चार पैसे मिळतात आणि कुक्कुटपालकाचा खर्च वाढतो. मक्यातून अल्कोहोल काढल्यावर उरणारा प्रथिनयुक्त चोथा पशुखाद्य म्हणून बाजारात येतो आणि सोयापेंडीशी स्पर्धा करतो. म्हणजे एका धोरणाचा धक्का मराठवाडा-विदर्भातल्या सोयाबीनच्या भावापर्यंत पोचू शकतो.

पाण्याचा हिशेब त्याहून कडक आहे. उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे किमान २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच अहवाल सांगतो. ज्या जिल्ह्यांत उन्हाळ्यात पिण्याचे पाणी टँकरने जाते, तिथे नव्या आसवनीसाठी उसाचे क्षेत्र वाढवण्याचे समर्थन करता येणार नाही. शिवाय मळीच्या इथेनॉलमागे लिटरला आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश निघतो. गडद तपकिरी रंगाचे हे सांडपाणी ओढ्यात गेले, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. ते बायोगॅससाठी वापरणे किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळणे शक्य आहे, आणि तो खर्च कारखान्याने करायलाच हवा.

गैरसमज ५: पडीक जमिनीवर, पाण्याशिवाय तेल पिकवता येते.

वस्तुस्थिती: हा प्रयोग देशाने करून पाहिला आहे. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने जैवडिझेलसाठी मोगली एरंडाच्या लागवडीची मोठी मोहीम सुचवली. पुढे राष्ट्रीय धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे लक्ष्य ठेवले. गावोगाव रोपे लागली. मोगली एरंड कुंपणाला लावायचे झाड. जनावर त्याला तोंड लावत नाही, मुरमाड जमिनीतही ते तग धरते. पण जगणे वेगळे आणि फळणे वेगळे. पाणी आणि खत नसेल, तर झाड उभे राहते, बिया मात्र मूठभर येतात. बिया विषारी असल्याने पेंड जनावरांनाही घालता येत नाही. डिझेलमधले जैवडिझेलचे प्रमाण एक टक्क्यापर्यंतही पोचले नाही.

यात एक सामाजिक चूकही होती. सरकारी कागदावर ‘पडीक’ असलेली जमीन गावाचे गायरान असते. तिथे शेळ्या चरतात, भूमिहीन कुटुंबे सरपण गोळा करतात. त्या जमिनीला आधीपासून धनी असतात, फक्त सातबाऱ्यावर त्यांचे नाव नसते.

गैरसमज ६: शेतातला काडीकचरा वायाच जातो, तो सगळा जाळून वीज करावी.

वस्तुस्थिती: कडबा जनावरांचा असतो, तुराटी चुलीची आणि पाचट जमिनीचे. उसाच्या खोडव्यात पाचट न पेटवता एक आड एक सरीत दाबले, त्यावर थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवणारे जिवाणू टाकले, की काही महिन्यांत हाताने चुरले जाईल असे खत होते. ओल टिकते, तण कमी उगवते, गांडुळे येतात. महाराष्ट्राच्या जमिनींत सेंद्रिय कर्ब आधीच कमी आहे. जमिनीच्या तोंडचा घास काढून केलेली वीज स्वस्त नव्हे.

मात्र जे अवशेष आज बांधावर पेटवले जातात, त्यांचा इंधन म्हणून उपयोग करणे शहाणपणाचे आहे. विदर्भातली पऱ्हाटी हे त्याचे चांगले उदाहरण. शेवटच्या वेचणीनंतर उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामापर्यंत दडून राहते. पऱ्हाटी वेळेत उपटून तिचा भुगा केला आणि ब्रिकेट बनवल्या, तर इंधन मिळते आणि किडीचे घरही मोडते. हरियाणात पानिपतला २०२२ मध्ये सुरू झालेला प्रकल्प वर्षाला दोन लाख टन भाताच्या पेंढ्यापासून तीन कोटी लिटर इथेनॉल करण्यासाठी उभारला आहे.

अडचणीही माहीत असाव्यात. पिकांचे अवशेष हलके आणि फुगीर असतात. गाठी न बांधता नेले, तर ट्रॉली भरते आणि वजन भरत नाही. पिकाच्या राखेत पोटॅश जास्त असल्याने ती बॉयलरमध्ये वितळून नळ्यांवर थर धरते. म्हणून असे प्रकल्प लहान परिघात, गाव-तालुक्याच्या टप्प्यात ठेवलेले बरे.

गैरसमज ७: बायोगॅसला शेणच लागते, आणि गॅस निघाला की खतात दम राहत नाही.

वस्तुस्थिती: गुराने आधीच पचवून टाकलेला चारा म्हणजे शेण. त्यात जिवाणूंसाठी अन्न मोजकेच उरलेले असते. खरकटे, शिळी पोळी, खराब झालेले पीठ, नासकी फळे यांत ते कितीतरी जास्त असते. हे ओळखून पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने स्वयंपाकघरातल्या कचऱ्यावर चालणारे छोटे संयंत्र बनवले. त्याला २००६ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी विकसित केलेले ‘निसर्गऋण’ संयंत्रही ओल्या कचऱ्यासाठीच आहे. मैल्याचेही तेच. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्येच मैल्यापासून गॅस काढला गेला होता. देहू गावात डॉ. सुहास मापुसकर यांनी शौचालयाला जोडलेली गॅस संयंत्रे लोकांच्या गळी उतरवली. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री देण्यात आली. त्या गॅसवर स्वयंपाक करण्याविषयीचा संकोच समजण्याजोगा आहे, पण ज्योतीत जळतो तो मिथेनच, शेणाचा असो वा मैल्याचा.

शेणाचा हिशेब असा. साधारण २५ किलो शेणापासून एक घनमीटर गॅस मिळतो आणि तो साडेचारशे ग्रॅमच्या आसपास एलपीजीचे काम करतो. दोन घनमीटरचे संयंत्र रोज नीट भरले, तर पंधरवड्याला जवळपास एका सिलिंडरची बचत होते. शेणात तितकेच पाणी कालवायचे, काड्या-दगड काढून टाकायचे आणि रोज न चुकता भरायचे. थंडीत गॅस कमी येतो, हेही लक्षात ठेवायचे. बाहेर पडते ती स्लरी. गॅसमध्ये प्रामुख्याने कार्बन आणि हायड्रोजन निघून जातात. नत्र, स्फुरद आणि पालाश स्लरीतच राहतात, म्हणून तिचे खत कसदार असते. बंद पडलेल्या संयंत्रांपैकी अनेकांचे कारण रोजच्या भरण्यातला खंड आणि दुरुस्तीला माणूस न मिळणे हेच असते.

मोठ्या प्रकल्पांनाही हाच धडा लागू आहे. १ ऑक्टोबर २०१८ रोजी केंद्राने ‘सतत’ योजना आणून कॉम्प्रेस्ड बायोगॅसच्या पाच हजार प्रकल्पांचे लक्ष्य ठेवले. प्रत्यक्ष आकडा त्याच्या खूपच मागे आहे. प्लास्टिक आणि काच मिसळलेला कचरा जिवाणू पचवू शकत नाहीत, आणि स्लरीला खात्रीचे गिऱ्हाईक नसेल, तर प्रकल्पाचा ताळेबंद बसत नाही.

या सगळ्यातून एक क्रम निघतो आणि धोरण त्याच क्रमाने आखले जावे. आधी ओला कचरा, मैला, शेण आणि स्पेंटवॉश, कारण ते उघड्यावर कुजले तरी मिथेन सोडतातच. मग बगॅस आणि शेवटची मळी. त्यानंतर जमिनीचा आणि जनावरांचा वाटा ठेवून उरलेले पिकांचे अवशेष. सर्वांत शेवटी, पाणी आणि अन्नाचा हिशेब मांडूनच, खास इंधनासाठी घेतलेले पीक. आज आपण हा क्रम बराचसा उलटा चालवतो आहोत. इथेनॉलला हमखास खरेदीदार आहे, स्लरीला नाही.

आपल्या हातात काय आहे? शहरात राहत असाल, तर ओला कचरा आजपासून वेगळा द्या आणि तो पुढे कुठे जातो, हे महापालिकेला विचारा. शेती असेल, तर पाचट पेटवू नका. कारखान्याचे सभासद असाल, तर वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर स्पेंटवॉशचे काय होते, हेही विचारा. जैवइंधन शेतातून येते. ते शेताला, पाण्याला आणि माणसाला न नाडता आले, तरच त्याला नवीकरणीय म्हणावे.