कोकोच्या दोन बेटांची शंभर वर्षं

२९ मे १९१९. प्रिन्सिपी बेटावर सकाळी मुसळधार पाऊस झाला होता. दुपारी ढग जरा विरळ झाले आणि सुंदी नावाच्या मळ्यावर दुर्बीण लावून बसलेल्या खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन यांना खग्रास सूर्यग्रहण दिसलं, जेमतेम पाच मिनिटं. सोळा छायाचित्रं घेतली, त्यांतली दोनच कामाची निघाली. ब्राझीलमधल्या सोब्राल इथून आलेल्या छायाचित्रांसोबत ती लंडनमध्ये मांडली गेली आणि सूर्याजवळून येणारा ताऱ्यांचा प्रकाश आइन्स्टाइन यांच्या गणिताप्रमाणे वाकतो, हे त्याच नोव्हेंबरात जाहीर झालं.

साओ तोमे आणि प्रिन्सिपी या देशाबद्दल वाचायला घेतलं की हा प्रसंग हमखास भेटतो. तो आहेही विलक्षण. पण ज्या मळ्यावर दुर्बीण उभी होती, तो कोण कसत होतं, हा प्रश्न मला सोडत नाही. या देशाचा गेल्या शतकाचा इतिहास त्या प्रश्नाच्या उत्तरातच आहे.

गॅबॉनच्या पश्चिमेला, गिनीच्या आखातात ही दोन ज्वालामुखीजन्य बेटं आहेत. सगळा देश मिळून सुमारे हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे गोव्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान. लोकसंख्या दोन लाखांच्या थोडी वर. १४७०च्या सुमारास पोर्तुगीज खलाशी पोचले तेव्हा इथे मनुष्यवस्ती नव्हती. आजचा इथला जवळजवळ प्रत्येक माणूस कुणीतरी आणलेल्या माणसाचा वंशज आहे. आधी उसासाठी आणलेल्या, मग कॉफीसाठी, मग कोकोसाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्राझीलहून आलेलं कोकोचं झाड इथे असं फोफावलं की शंभर वर्षांच्या आत ही चिमुकली बेटं जगातल्या सर्वांत मोठ्या कोको-उत्पादकांत जाऊन बसली. या मळ्यांना इथे ‘रोसा’ म्हणतात. रोसा म्हणजे एक स्वतंत्र गावच: मधोमध मालकाचं घर, कोको वाळवायचे ओटे, इस्पितळ, बंदरापर्यंत छोटी रेल्वे आणि एका कडेला मजुरांच्या लांबलचक चाळी, ‘संझाला’. गुलामगिरी इथे १८७५मध्ये कायद्याने संपली. त्यानंतर अंगोलातून माणसं यायची ती ‘कराराने’. करार पाच वर्षांचा असे, पण तो संपल्यावर घरी परतलेला माणूस जवळजवळ नसेच. ‘पगार’ हा शब्द आपल्या मराठीला पोर्तुगिजांकडून मिळाला. त्याच पोर्तुगिजांच्या राज्यातल्या या मजुरांना कागदावर तोही होता.

१९०१मध्ये इंग्लंडमधल्या कॅडबरी घराण्यातल्या विल्यम कॅडबरी यांच्या पाहण्यात इथला एक मळा विक्रीला काढल्याची माहिती आली. तिच्यात मालमत्तेच्या यादीत मजूरही किंमत लावून मांडले होते. हेन्री नेव्हिन्सन या पत्रकाराने अंगोलात हिंडून सगळा प्रकार १९०६च्या पुस्तकात मांडला. तरीही कॅडबरी, फ्राय आणि राउनट्री या कंपन्यांनी इथला कोको घेणं थांबवलं ते १९०९मध्ये. कळल्यापासून आठ वर्षांनी. त्याच वर्षी एका वृत्तपत्रावर केलेला अब्रुनुकसानीचा दावा कॅडबरी जिंकले, पण ज्यूरीने भरपाई दिली एक फार्दिंग, म्हणजे पाव पेनी. माझ्या मते तो निकाल अगदी योग्य होता.

ही तिन्ही घराणी गुलामगिरीला विरोध करणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाची होती. दहा वर्षांनी त्याच बेटांवर दुर्बीण घेऊन उतरलेले एडिंग्टनही क्वेकरच. ही गोष्ट मला सुंदीच्या कहाणीत सर्वांत जास्त अस्वस्थ करते.

बहिष्कारानंतर इंग्रज खरेदीदार आजच्या घानाकडे वळले आणि कोकोची सद्दी ओसरत गेली. मजुरांची गरज मात्र संपली नाही. मोझांबिकमधून आणि दुष्काळाने होरपळलेल्या केप व्हर्देमधून माणसं येत राहिली. जुन्या मुक्त गुलामांचे वंशज असलेल्या फोरो लोकांनी मळ्यावरची मजुरी कायम नाकारली होती. त्यांनाही जुंपणार अशी आवई १९५३मध्ये उठली, लोक संतापले आणि गव्हर्नर कार्लुश गोर्गुल्यु यांच्या राजवटीने ३ फेब्रुवारीपासून बातेपा परिसरात कत्तल आरंभली. शेकडो माणसं मारली गेली. पकडलेल्यांना फेर्नांव दियाश इथल्या किनाऱ्यावर सक्तमजुरीला जुंपलं.

१२ जुलै १९७५ला देश स्वतंत्र झाला. राष्ट्रगीत लिहिलं कवयित्री आल्दा एस्पिरितु सांतु यांनी. मळे सरकारजमा झाले, पण चालवण्याचं कसब घेऊन मालक-मुकादम निघून गेले होते. एके काळी तीस हजार टनांच्या वर जाणारं कोकोचं उत्पादन आज काही हजार टनांवर आहे. १९९०पासून बहुपक्षीय लोकशाही आहे आणि सत्तांतरं मतपेटीतून होतात. समुद्रातल्या तेलाची स्वप्नं पडून गेली, तेल हाती आलं नाही.

आता सुंदीत हॉटेल आहे. मोंते काफेत कॉफीचं संग्रहालय आहे. दक्षिणेच्या रानातून काओ ग्रांदेचा दगडी सुळका सरळ आभाळात जातो, आणि इल्येउ दाश रोलाश या छोट्या बेटावरून विषुववृत्त जातं. नशीब असेल तर ‘चिलोली’ पाहायला मिळेल. हे शार्लमेन सम्राटाच्या दरबारातल्या खटल्याचं तासन्‌तास चालणारं नाटक. सम्राटाच्या मुलाने खून केला आहे आणि न्याय व्हायलाच हवा, एवढीच त्याची गोष्ट. वसाहतीतल्या लोकांनी हेच नाटक शतकानुशतकं जपलं, याचं मला मुळीच आश्चर्य वाटत नाही.

जून ते सप्टेंबर हे कोरडे, थोडे थंड महिने फिरायला बरे. लिस्बनहून थेट विमान मिळतं. आगुआ इझे किंवा आगोश्तिन्यु नेतु या रोसांत गेलात तर मालकाचं घर आणि इस्पितळाच्या भव्य पायऱ्या बघून परतू नका. मागच्या चाळींत आजही कुटुंबं राहतात. तिथे जा, पण विचारल्याशिवाय फोटो काढू नका. आणि एक सकाळ फेर्नांव दियाशच्या स्मारकासाठी राखून ठेवा.