घरगुती क्रियापदे आणि बालकांचे विज्ञानशिक्षण

मुलांना घरी विज्ञान शिकवावयाचे म्हणजे पाठ्यपुस्तकातील व्याख्या त्यांच्याकडून पाठ करून घ्यावयाच्या, असा समज सुशिक्षित कुटुंबांतही आढळतो. वस्तुतः घराजवळ एक स्वतंत्र साधन असते. ते म्हणजे स्वयंपाकघरातील क्रियापदे. त्यांचा उपयोग कसा करता येईल, हे दोन उदाहरणांवरून पाहू.

'वितळणे' व 'विरघळणे' ही जोडी प्रथम घेऊ. तूप वितळते; साखर पाण्यात विरघळते. पहिल्या क्रियेस उष्णता पुरते, दुसरीस द्रवाची संगत लागते. हा भेद आपल्या नित्याच्या बोलण्यातच आहे. तथापि 'बर्फ विरघळला' असेही पुष्कळदा ऐकू येते. अशा वेळी केवळ शब्द सुधारू नये. दोन कोरड्या वाट्या घेऊन एकीत बर्फाचा खडा व दुसरीत साखर ठेवावी. बर्फाचे पाणी होते, साखर तशीच राहते. नंतर वडील माणसाने थोडी साखर कोरड्या कढईत तापवून दाखवावी. तीही वितळते; तेव्हा भेद पदार्थांचा नसून क्रियांचा आहे, हे मुलाच्या ध्यानात येते.

दुसरे उदाहरण याच्या उलट आहे. बासुंदीचे दूध आटते, उन्हाळ्यात विहीर आटते आणि म्हैसही आटते. परिणाम एकच, कारणे मात्र भिन्न. दुधातील पाण्याची वाफ होते. विहिरीत मुख्यतः भूजलाची पातळी खालावते. म्हशीच्या कासेत दूध तयार होणेच थांबते. उलटपक्षी, कपडे 'वाळतात' आणि दूध 'आटते'. शब्द दोन, पण पाणी दोन्हीकडे वाफरूपानेच जाते. "पाणी गेले कोठे?" एवढे विचारून आटत्या दुधावर थंड ताटली धरावी, तिच्या खालच्या बाजूस थेंब जमतात. 'बाष्पीभवन' ही संज्ञा यानंतर यावी. आधी आली तर ती केवळ पाठांतराचा विषय होते.

घरच्या बोलीला विज्ञानात स्थान नाही, अशी समजूत मुलाच्या मनात रुजली तर हानी दुहेरी होते. घरी पाहिलेले ते शाळेत सांगत नाही आणि शाळेत शिकलेले घरी ओळखत नाही. परिभाषा न जाणणारी आजीही ही हानी टाळू शकते. तिने नातवाला आपल्या शब्दांची परीक्षा घेऊ द्यावी, एवढेच पुरे.