मालिश करणाऱ्या हातांची नोंद

अकोल्याच्या जठारपेठेत काय किंवा अमरावतीत काय, बाळंतिणीच्या घरी तेल लावायला येणारी बाई पाटावर बसते, पाय लांब करते, बाळाला पायांवर पालथं घेते आणि कोमट तेलाचा हात मानेपासून टाचेपर्यंत ओढते. तिच्या हाताखाली काही दिवसांचा जीव असतो, पण तिला हे काम येतं की नाही हे तपासणारं कुणी नाही. पूर्वी तपासणी निदान तालमीत तरी होती. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये अमरावतीत सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या आखाड्यांच्या परंपरेत मालिश उस्तादाच्या नजरेखाली शिकली जाई. कायद्याच्या नजरेला मात्र मालिश आली ती आधी संशय म्हणून. १९५६ च्या अनैतिक व्यापाराच्या कायद्याखाली मसाज पार्लरवर धाडी पडल्या. २००२ च्या राज्य कायद्याने फिजिओथेरपिस्टला परिषदेची नोंदणी दिली, मालिशवाला त्याबाहेर राहिला. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानाला नुसती सूचना पुरेशी ठरवली. २०२१ च्या आरोग्य व्यवसायांच्या केंद्रीय कायद्यातही फिजिओथेरपी आहे, मालिश स्वतंत्र व्यवसाय म्हणून नाही. केरळने २००७ मध्ये आयुर्वेद केंद्रांना परवाना सक्तीचा केला, पण तोही जागेचा. जपानमध्ये १९४७ पासून मालिश करणाऱ्या माणसालाच परवाना लागतो, आणि तिथे कित्येक अंधांचं पोट याच कामावर चालत आलं आहे. माझं म्हणणं एवढंच, की नोंद दुकानाची नको, हाताची हवी.

तेल लावायला कसला परवाना, असं कुणी म्हणेल. बाळंतपणानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर आत रक्ताची गुठळी असू शकते. ती जोराने चोळली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते. बाळाच्या नाकात तेलाचे थेंब सोडण्याची सवय तर घराघरांत आहे, आणि ते तेल श्वासाबरोबर छातीत उतरू शकतं. कुठे हात थांबवायचा, हे शिकवल्याशिवाय कळत नाही. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: परवान्याच्या नावाखाली गरीब बाईची भाकरी जाईल. शुल्क, लेखी परीक्षा आणि दहावीची अट घातली तर जाईलच. म्हणून नोंदणी फुकट असावी, परीक्षा हातांची असावी, आणि वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा अनुभव धरला जावा. धाडीच्या भीतीपेक्षा ओळखपत्राचा आधार तिलाच जास्त कामी येईल.

अकोला महापालिकेने या नोंदणीची वही उघडावी, आणि पहिली नावं घरोघरी जाणाऱ्या या बायांची लिहावीत.