परवाना दुकानाला, हाताला नाही

६ मे २०२० रोजी, टाळेबंदी ऐन भरात असताना, कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बी. एस. येडियुरप्पा यांनी १,६१० कोटी रुपयांचं मदत पॅकेज जाहीर केलं. राज्यातल्या सुमारे २ लाख ३० हजार नाभिक व्यावसायिकांना त्यातून प्रत्येकी ५ हजार रुपये मिळायचे होते. सलूनची शटरं खाली होती, रोजची कमाई थांबली होती आणि घरभाडं मात्र थांबलं नव्हतं. मदतीसाठी 'सेवा सिंधू' या सरकारी पोर्टलवर अर्ज करायचा आणि आपला व्यवसाय खरोखर हाच आहे, हे अर्जदारानेच दाखवून द्यायचं, अशी ती व्यवस्था होती.

या व्यवसायाचं जुनं दुखणं इथेच उघडं पडतं. डॉक्टरची नोंद मेडिकल कौन्सिलकडे असते, वकिलाची बार कौन्सिलकडे, रिक्षावाल्याकडे बॅज असतो. वीस-वीस वर्षं गिऱ्हाइकाच्या गळ्याशी वस्तरा धरणाऱ्या माणसाची मात्र व्यावसायिक म्हणून कुठेच नोंद नसते. भारतात केस कापायला, फेशियल करायला किंवा नवरीचा मेकअप करायला व्यक्तीला कायद्याने कोणताही परवाना लागत नाही. परवाना लागतो तो दुकानाला.

बेळगाव, कोल्हापूर किंवा सोलापूरहून बेंगळुरूला येऊन पार्लर टाकू पाहणाऱ्या कुणालाही पहिला धक्का बसतो तो या कागदपत्रांचा. महाराष्ट्रात दुकानाच्या नोंदणीला आपण सरसकट 'गुमास्ता' म्हणतो. २०१७च्या महाराष्ट्राच्या कायद्यानुसार दहापेक्षा कमी कामगार असतील, तर नुसती माहिती कळवली तरी भागतं. कर्नाटकात १९६१चा दुकाने व व्यापारी आस्थापना कायदा आहे. त्याखाली एकखुर्ची सलूनलाही सुरू झाल्यापासून ३० दिवसांत कामगार खात्याकडे नोंदणी करावी लागते. ही झाली एक बाजू. दुसरी बाजू पालिकेच्या 'ट्रेड लायसन्स'ची. वर्षानुवर्षं ते बृहत् बेंगळुरू महानगरपालिकेचा आरोग्य विभाग कर्नाटक महानगरपालिका अधिनियम १९७६च्या आधारे देत आला. सप्टेंबर २०२५मध्ये त्या एका पालिकेच्या जागी ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरणाच्या छत्राखालच्या पाच पालिका आल्या. त्यामुळे आपली गल्ली आता कोणत्या पालिकेत येते, हे आधी पाहावं लागतं.

जागेचा भाडेकरार, मालकाच्या मालमत्ता कराची पावती, रस्त्याची रुंदी, कचऱ्याची सोय असे सगळे प्रश्न जागेचेच असतात. पाटीचाही प्रश्न असतो. पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, या नियमासाठी पालिकेने २८ फेब्रुवारी २०२४ ही मुदत घातली होती आणि तो न पाळणाऱ्यांचं ट्रेड लायसन्स रोखण्याचा इशारा दिला होता. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी आला. २२ सप्टेंबर २०२५पासून सलून आणि पार्लरच्या सेवांवरचा दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, पण खरेदीवर भरलेल्या कराची वजावट त्याबरोबर गेली.

या सगळ्या अर्जांमध्ये एक प्रश्न नसतो. खुर्चीमागे उभ्या राहणाऱ्या माणसाला हे काम येतं का?

गळ्याशी येणारी गोष्ट

येत नसलं तर काय होतं, याची उदाहरणं दूर शोधायला नकोत. २०२४च्या सप्टेंबरमध्ये कर्नाटकातली एक बातमी देशभर छापून आली. बळ्ळारीकडच्या एका तरुणाने केस कापून घेतल्यावर डोक्याला मालिश करून घेतलं. मालिश करणाऱ्याने सवयीने मान झटक्यात वळवून 'कट्' असा आवाज काढला. काही तासांत त्या तरुणाची बोलण्याची ताकद ढासळली आणि शरीराची एक बाजू लुळी पडू लागली. मानेतल्या कॅरोटिड धमनीच्या भिंतीला चीर पडून मेंदूचा रक्तपुरवठा घटला होता, असं निदान झालं. मान मोडणं ही आपल्याकडे हजामतीवरची 'फुकट भेट' मानली जाते. ती देऊ नये, असं त्या कारागिराला कुणी कधी शिकवलेलंच नसतं.

हेपॅटायटिस बीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस तग धरू शकतो. म्हणून ब्लेड प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं हवं आणि ते बसवायचा वस्तराही निर्जंतुक हवा. केसांच्या काळ्या रंगात बहुधा पीपीडी हे रसायन असतं. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडासा रंग लावून ४८ तास वाट पाहायची, अशी सूचना डब्यावरच छापलेली असते. लग्नाच्या आदल्या दिवशी पार्लरमध्ये येणाऱ्या गिऱ्हाइकाला ही चाचणी आज करून परवा या, असं सांगायला ज्ञान लागतं आणि गिऱ्हाईक गमावण्याची तयारीही.

पार्लरची हद्द कुठे संपते, हे कळणंही शिक्षणाचाच भाग आहे. सुई टोचली, कातडी कापली, की तो दवाखाना झाला. कर्नाटकात त्यासाठी २००७चा खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा आहे. केसांचं प्रत्यारोपण प्रशिक्षित, नोंदणीकृत डॉक्टरनेच करावं, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर २०२२मध्ये स्पष्ट केलं आहे.

शिकायचं कुठे?

वाटा आहेत, पण सक्तीच्या नाहीत. आयटीआयमध्ये 'कॉस्मेटॉलॉजी' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. दहावी झालेल्याला तिथे प्रवेश मिळतो आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र हाती येतं. बेंगळुरूच्या होसूर रोडवर महिलांसाठीची राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था १९७७पासून उभी आहे. खासगी अकादम्या शेकड्यांनी आहेत आणि त्यांच्या फीचे आकडे काही हजारांपासून काही लाखांपर्यंत जातात. परदेशी जायची इच्छा असलेल्या मुली 'सिडेस्को'सारख्या आंतरराष्ट्रीय डिप्लोमाकडे वळतात.

डिसेंबर २०१३मध्ये केंद्राने राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित केला. त्यानंतर ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने या कामाच्या पायऱ्या आखल्या. असिस्टंट ब्यूटी थेरपिस्ट तिसऱ्या पातळीवर, ब्यूटी थेरपिस्ट चौथ्या, केसांच्या बाजूला हेअर स्टायलिस्ट. प्रत्येक पायरीवर काय यायला हवं, ते कलमवार लिहिलेलं आहे.

त्यातली सर्वांत मोलाची सोय म्हणजे आरपीएल, आधीच अंगी असलेल्या कौशल्याला मान्यता. २०१५मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल विकास योजनेतून ती मोठ्या प्रमाणावर राबवली गेली. बारा तासांचं मार्गदर्शन, मग परीक्षा, मग प्रमाणपत्र. बापाच्या हाताखाली पंधराव्या वर्षी कात्री धरलेल्या माणसाला पुन्हा वर्षभर बाकावर बसायला लावायचं नाही, हा तिचा गाभा.

अशा परीक्षेत काय पाहतात? साधी भुवई घ्या. उमेदवार आधी हात धुते. रिळावरून दोऱ्याचा ताजा तुकडा तोडते, त्याचा फास करून मधोमध सात-आठ पीळ देते. बहुतेक जणी दोऱ्याचं एक टोक दातांत धरतात, कारण त्या तशाच शिकलेल्या असतात. थुंकीचा संबंध टाळण्यासाठी आता काही ठिकाणी ते मानेभोवती अडकवायला शिकवतात. गिऱ्हाइकाला एका बोटाने भुवईवरची आणि दुसऱ्याने पापणीची कातडी ताणून धरायला सांगायचं. ती सैल राहिली, तर पीळ केसाऐवजी चामडीला धरतो आणि रक्ताचा ठिपका येतो. पीळ केसांच्या वाढीच्या उलट दिशेने सरकवायचा. दोन्ही भुवया सारख्या आल्या का, हे परीक्षक पाहतोच. पण वापरलेला दोरा कुठे टाकला, त्वचा आधी आणि नंतर पुसली का, मुरूम असलेल्या जागेवर दोरा फिरवला का, यालाही गुण असतात.

मग हे प्रमाणपत्र सक्तीचं का करू नये? या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी दोन खटले डोळ्यांखालून घालायला हवेत.

पहिला मुंबईचा. सिने कॉस्च्यूम मेकअप आर्टिस्ट्स अँड हेअर ड्रेसर्स असोसिएशन ही चित्रपटसृष्टीतली कामगार संघटना. तिचं कार्ड असल्याशिवाय सेटवर काम मिळत नसे. मेकअप पुरुषांनी करायचा आणि बायकांनी केस सांभाळायचे, ही तिथली कित्येक दशकांची रीत होती. महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अटही होती. चारू खुराणा कॅलिफोर्नियात मेकअपचं शिक्षण घेऊन आल्या, तरी त्यांना मेकअप आर्टिस्टचं कार्ड नाकारलं गेलं. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायमूर्ती दीपक मिश्रा आणि उदय लळित यांच्या खंडपीठाने या दोन्ही अटी घटनाविरोधी ठरवून मोडीत काढल्या. परवान्याची किल्ली एकाच गटाच्या हाती गेली, तर दार कुणासाठी बंद होतं, याचा हा मराठी मुलखातलाच दाखला.

दुसरा खटला अमेरिकेतल्या टेक्सासचा, आपल्या भुवयांच्या दोऱ्याचाच. तिथे थ्रेडिंग करणाऱ्यांकडून ७५० तासांचं प्रशिक्षण मागितलं जाई. पटेल, मोमीन, योगी अशा दक्षिण आशियाई आडनावांच्या व्यावसायिकांनी त्याला आव्हान दिलं. २६ जून २०१५ रोजी टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ही सक्ती रद्द केली. ७५० तासांपैकी सुमारे ३२० तासांचा थ्रेडिंगशी काही संबंधच नव्हता. सक्ती किती असावी, यावर इतरत्रही एकमत नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२२पासून कॉस्मेटॉलॉजीचे तास १,६००वरून १,०००वर आणले. जर्मनीत सलून चालवायला आजही सामान्यतः 'माइस्टर'ची पदवी लागते. ब्रिटनने मात्र १९६४मध्ये कायदा करून ऐच्छिक नोंदवही ठेवली आणि सक्ती केली नाही.

ॲपचा परवाना

बेंगळुरूत दरम्यान एक वेगळाच परवाना आला आहे. घरपोच ब्यूटी सेवा देणाऱ्या ॲपवर काम करायचं तर कंपनीचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, त्यांचं सामान वापरावं लागतं आणि गिऱ्हाइकांचे तारे सांभाळावे लागतात. आयडी बंद झाला की त्या क्षणी काम बंद. ऑक्टोबर २०२१मध्ये गुरुग्रामला अर्बन कंपनीच्या कार्यालयासमोर ब्यूटिशियन महिलांनी धरणं धरलं, तेव्हा हा प्रश्न देशासमोर आला. कर्नाटकाने २०२५मध्ये प्लॅटफॉर्मवरच्या गिग कामगारांसाठी कायदा केला. त्यात कामगारांची नोंदणी, कल्याण मंडळ, कंपन्यांकडून प्रत्येक व्यवहारावर १ ते ५ टक्के कल्याण शुल्क आणि काढून टाकण्यापूर्वी १४ दिवसांची नोटीस अशा तरतुदी आहेत. घरोघरी बॅग घेऊन जाणारी ब्यूटिशियन तिच्या हाताच्या कामासाठी सरकारच्या एखाद्या नोंदवहीत येणं, ही या राज्यात नवी गोष्ट आहे.

बेंगळुरूच्या ब्रिगेड रोडचे रमेश बाबू वडिलांमागे राहिलेल्या सलूनमधून वर आले, २०११मध्ये रोल्स-रॉइस घेतली आणि तरीही कात्री सोडली नाही. त्यांची गोष्ट सगळ्या देशाला ठाऊक आहे. पण नाभिकांच्या सविता समाजातल्या हजारो कारागिरांना बँकेचं कर्ज मागताना, मोठ्या सलूनमध्ये नोकरी मागताना किंवा आखातात जायचा व्हिसा काढताना आपलं कसब कागदावर दाखवता येत नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांनी हे काम केलं आणि त्यासाठी हिणवणंही सोसलं, त्यांच्याच कसबाची नोंद नसावी, हे अन्यायाचं आहे. उद्या नोंद आलीच, तर ती त्यांना बाहेर ठेवणारी असता कामा नये.

म्हणून बेंगळुरूच्या नव्या पाच पालिकांना आज करता येण्याजोगं एक काम आहे. ट्रेड लायसन्सच्या नूतनीकरणाशी खुर्चीमागच्या प्रत्येक कारागिराचं आरपीएल जोडायचं. परीक्षा स्वच्छता, रसायनं, मानेसारखे नाजूक अवयव आणि दवाखान्याची हद्द एवढ्यापुरतीच. फी नाममात्र. कन्नडबरोबरच हिंदी, तमिळ, मराठी, नेपाळी आणि ईशान्येकडच्या भाषांत तोंडी उत्तरांची मुभा, कारण या शहराच्या सलूनमध्ये या साऱ्या भाषा बोलल्या जातात. पहिल्या दोन वर्षांत नापास होणाऱ्याचं काम थांबवायचं नाही, त्याला पुन्हा शिकवायचं. आणि मिळालेलं कार्ड दुकानाच्या नावावर काढायचं नाही, कारागिराच्या नावावर काढायचं. नोकरी बदलली, ॲपने आयडी बंद केला किंवा तो बेंगळुरू सोडून हुबळीला गेला, तरी ते त्याच्या धोकटीत त्याच्याबरोबर जाईल.