काही साइट उघडतात, काही अडतात?

आधी पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख पाहा. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला, की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं आणि सुरक्षित साइटचं प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं. ब्राउझर देतो तो इशारा डावलून पुढे जाऊ नका. बँकेच्या साइटवर तर मुळीच नाही. तारीख बरोबर असेल, तर संगणकातली मूळ प्रमाणपत्रं जुनी झालेली असू शकतात. ३० सप्टेंबर २०२१ रोजी 'डीएसटी रूट सीए एक्स३' या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली आणि अपडेट न झालेल्या यंत्रांवर 'लेट्स एन्क्रिप्ट' या संस्थेची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या धडधाकट साइट बंद पडल्या. फायरफॉक्स स्वतःची मूळ प्रमाणपत्रं बाळगतो, म्हणून तो जरूर वापरून पाहा. तिथंही अडलं, तर साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा, म्हणजे डीएनएस, बदलून १.१.१.१ किंवा ८.८.८.८ ठेवा.