वंगण संपलंय म्हणे

पिरंगुटच्या कारखान्यांत मुरलेला फिटर मशीन उघडण्याआधी ते ऐकतो. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. खरखर आली की ग्रीस संपलंय, नाहीतर बेअरिंग गेलंय. हाच माणूस रात्री जिना चढताना स्वतःचा गुडघा ‘कट्’ वाजला की तेच निदान करून मोकळा होतो: "वंगण संपलं आता."

मशीनच्या बाबतीत तो सहसा चुकत नाही. गुडघ्याच्या बाबतीत बहुधा चुकतो.

मुळात गुडघ्यात वंगण असतं तरी किती? निरोगी गुडघ्यात जेमतेम चमचाभर. अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं, तार धरणारं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा थर असतो आणि हे दोन थर एकमेकांवर बर्फावर बर्फ सरकावा त्याहून अलगद सरकतात. हे तेल कुणी बाहेरून घालत नाही. सांध्याचं अस्तरच ते तयार करतं आणि जुनं शोषून घेतं. कूर्चेला तर रक्तवाहिनीच नाही. पाऊल टाकलं की ती दबते, उचललं की फुगते आणि स्पंजासारखं त्या द्रवातूनच पोषण ओढून घेते. चालण्याने झिजण्याऐवजी जेवणारं बेअरिंग कुठल्या कारखान्यात मिळेल?

मग वाजतं काय? आधी बोटांकडे बघू. आजी नातवावरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडते, तो आवाज हाडांचा नसतो. सांधा ताणला की आतली जागा वाढते, दाब घटतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. आवाज ही पोकळी तयार होण्याचाच, असं 1947 साली लंडनच्या दोन संशोधकांनी मांडलं. 1971 मध्ये लीड्सच्या मंडळींनी उलट सांगितलं: आवाज बुडबुडा फुटण्याचा. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून चित्रफीतच काढली. कडकन् आवाज झाला तेव्हा पोकळी जन्मली होती, आणि आवाजानंतरही ती तिथेच होती. वाद अजून पुरता मिटलेला नाही. म्हणजे आजीच्या बोटांतलं भौतिकशास्त्र अजून चर्चेत आहे! तेच बोट लगेच पुन्हा वाजत नाही, वीसेक मिनिटं थांबावं लागतं.

आणि बोटं मोडून संधिवात होतो का? अमेरिकेतले डॉ. डोनल्ड अंगर यांनी साठ वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची नाही. संधिवात दोन्ही हातांना नव्हता. 2009 मध्ये त्यांना इग नोबेल मिळालं. एका माणसाचा प्रयोग हा पुरावा म्हणून लंगडाच, पण चिकाटीला दाद द्यावीच लागते.

गुडघ्यात बुडबुड्याशिवाय आणखी कलाकार आहेत. एखादा स्नायुबंध हाडाच्या उंचवट्यावरून टुणकन् घसरतो. वाटीमागचा पृष्ठभाग किंचित खरबरीत झाला की करकर येते. मुळशीच्या खाचरात खुरपणीला उकिडवी बसलेली बाई उठते, तेव्हा सगळ्यात जास्त दाब याच वाटीमागे येतो. तिचा गुडघा वाजला तर नवल नाही.

नुसता वाजतो, दुखत नाही, सुजत नाही, तर खुशाल वाजू द्या. पण कान अगदीच बंद करू नका. 2017 च्या एका अमेरिकी अभ्यासात सुमारे साडेतीन हजार लोकांना चार वर्षं पाहिलं. ज्यांचा गुडघा नेहमी करकरतो, त्यांच्यात पुढे दुखरा संधिवात होण्याचं प्रमाण अधिक दिसलं. त्यातही ज्यांच्या एक्स-रेत आधीच झीज होती, त्यांच्यात विशेष.

फिटरला कळेल असं सांगायचं तर मशीन जाम होतं का ते बघा. गुडघा मधेच अडकतो, पूर्ण सरळ होत नाही, उतरणीवर अचानक दगा देतो, सूज उतरत नाही किंवा आवाजाबरोबर दुखतो, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. गाडीवरून पडताना किंवा कबड्डीत पाय पिळवटताना ‘फट्’ झालं आणि काही तासांत गुडघा टम्म फुगला, तर मालिशवाल्याकडे जाऊ नका; आत स्नायुबंध तुटलेला असू शकतो. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तिथे डॉक्टर स्क्रूड्रायव्हर काढत नाहीत. ते वाटीवर नुसता तळहात ठेवतात आणि पाय हळूहळू दुमडायला सांगतात. ती करकर त्यांना कानाआधी हाताला कळते.