पट्टी उतरवून मागा

चाळिशी-पन्नाशीतला माणूस आयुष्यात पहिल्यांदाच रॉक बँडपुढे माइक धरून उभा राहिला, की लोक गालातल्या गालात हसतात. पण रॉक गायक मिक जॅगर 2024 मध्ये, ऐंशी वर्षांचा असताना, अमेरिकेतली स्टेडियम्स भरवत होता तेव्हा कुणी हसलं नाही. तो 1962 पासून तिथेच उभा आहे ना! म्हणजे आक्षेप वयाला नाही, उशिरा येण्याला आहे. हा संकेत गळ्याने घालून दिलेला नाही, बाजाराने दिला आहे. 1950च्या दशकात अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या हातात पैसे खुळखुळू लागले, कंपन्यांनी त्यांना छोट्या रेकॉर्ड विकल्या, आणि गाणारेही त्यांच्याच वयाचे दिसायला हवेत असं ठरून गेलं. उलट आपल्याकडे ख्यालगायक पन्नाशीला आला की ‘आता कुठे मुरला’ म्हणतात.

न्यूयॉर्कच्या शेरॉन जोन्सची गोष्ट इथे उपयोगी पडते. (काटेकोरपणे तिचं संगीत सोल-फंक, पण बँडपुढे उभं राहण्याचं काम तेच.) 1956चा जन्म. रायकर्स आयलंडच्या तुरुंगात ती पहारेकरी होती, नंतर बँकेच्या चिलखती गाडीवर सशस्त्र रक्षक. तू फार काळी, फार जाडी, फार बुटकी आणि वयही उलटलेलं, असं एका रेकॉर्ड कंपनीवाल्याने ऐकवल्याचं ती मुलाखतींत सांगायची. 1996 मध्ये ली फील्ड्स या गायकाच्या ध्वनिमुद्रणासाठी साथीला तीन गायिका बोलावल्या होत्या. आली ही एकटी, आणि तिघींचे भाग तिनेच गायले. डॅप-किंग्ज या बँडसह तिचा पहिला अल्बम 2002 मध्ये निघाला, तेव्हा ती पंचेचाळिशीत पोचली होती. मागे वाजवणारे बहुतेक तिच्याहून बरेच तरुण. पुढे एमी वाइनहाउस या गायिकेच्या ‘बॅक टू ब्लॅक’ या अल्बमवरही याच बँडचं वादन आहे, पण समोर कुणी उभं राहावं हा प्रश्न त्यांनी आधीच सोडवला होता.

यावर कुणी म्हणेल, ती लहानपणापासून चर्चमध्ये गात होती, लग्नांतल्या बँडमध्येही गायली होती. ती नवखी कसली? बरोबर आहे. पण गाणं येणं वेगळं आणि बँड चालवणं वेगळं. आज पुण्या-मुंबईत कराओकेवर सुरेख गाणारे पन्नाशीतले कितीतरी लोक आहेत. तो ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. अंतरा चुकला की चुकला. बँड मात्र थांबतो, वळतो, गायकाच्या तोंडाकडे बघतो. गिटारचा तुकडा लांबवायचा की आवरायचा हे मान हलवून सांगायचं, शेवट कुठे हे ड्रमरला नजरेने कळवायचं, तार तुटली तर श्रोत्यांशी बोलत वेळ काढायचा. वीस वर्षं वर्ग शिकवलेल्या किंवा माणसांकडून काम करून घेतलेल्या व्यक्तीला यातलं निम्मं आधीच येत असतं. विशीतल्या पोराला ते मंचावरच शिकावं लागतं, आणि ते बघणं दरवेळी सुखाचं नसतं.

शरीराचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेऊ नये. 100 डेसिबलच्या आवाजात पंधरा मिनिटांपुढे कान धोक्यात येतात, आणि तालमीची छोटी खोली तिथवर सहज पोचते. तेव्हा कानात बोळे हवेतच. रजोनिवृत्तीनंतर बायकांचा आवाज थोडा खाली येतो, आणि सराव नसेल तर वरचे सूर कुणालाही जड जातात. पण हा प्रश्न पट्टीचा आहे. भजनाला बसलेला माणूस पेटीवाल्याला बिनदिक्कत पट्टी बदलायला लावतो. तोच रॉकच्या तालमीत मूळ रेकॉर्डच्या सुरात ओरडून घसा फोडून घेतो. जिमी हेंड्रिक्ससारख्या गिटारवादकांनी ऐन तारुण्यात गिटारी अर्धा सूर उतरवून लावल्या होत्या. पहिल्याच तालमीत, ड्रमरने काड्या वाजवायच्या आत, पट्टी उतरवून मागून घ्यावी. गिटारवाला कुरकुरेल. कुरकुरू द्यावं.